बुटातला फोन आणि दीडशहाणा हेर

वॉशिंग्टनमधलं एक सभागृह. ऑर्केस्ट्रा रंगात आलाय, श्रोते तल्लीन झालेत, आणि मधेच फोनची घंटा खणखणते. लोक माना वळवून बघायला लागतात. कोट-टायमधला एक माणूस काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उठतो, बाहेर पडतो आणि एका अडगळीच्या खोलीत शिरतो. तिथे पायातला बूट काढून, तळ सरकवून, तो बूट कानाला लावतो आणि साहेबांशी बोलू लागतो.

हा प्रसंग १९६५ सालच्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेतला आहे. तेव्हा फोन म्हणजे वायरने भिंतीला बांधलेली वस्तू होती. तो खिशात, पायात किंवा आणखी कुठे घेऊन हिंडता येईल ही कल्पनाच हसवायला पुरेशी होती. आज आपल्याकडे नाटकाची तिसरी घंटा होण्याआधी ‘कृपया आपले मोबाईल बंद ठेवा’ अशी सूचना होते, आणि तरी पहिल्या अंकाच्या ऐन भरात कुणाच्या तरी पर्समध्ये आरती वाजायला लागतेच. तेव्हाच्या प्रेक्षकाला हा प्रसंग अशक्य वाटला म्हणून तो हसला. आपण ओशाळून हसतो. विनोद तोच राहिला आणि हसण्याचं कारण मात्र बदललं, असं फार कमी विनोदांच्या वाट्याला येतं.

मालिकेचं नाव ‘गेट स्मार्ट’. नायकाचं आडनाव स्मार्ट, त्यामुळे नावाचे दोन अर्थ होतात: ‘जरा शहाणे व्हा’ आणि ‘त्या स्मार्टला पकडा’. मराठीत ‘शहाणे’ आडनावाच्या माणसावर अशी कोटी करता आली असती, फक्त हा गृहस्थ एक शहाणा नसून दीडशहाणा आहे. पूर्ण नाव मॅक्सवेल स्मार्ट, हेर क्रमांक ८६. अमेरिकेतल्या बारमध्ये ‘एटी-सिक्स’ म्हणजे ‘या गिऱ्हाईकाला आता काही देऊ नका, बाहेरची वाट दाखवा’. देशाच्या सुरक्षेची जबाबदारी ज्याच्यावर, त्याचा नंबर असा. १८ सप्टेंबर १९६५ला एनबीसी वाहिनीवर पहिला भाग दिसला, तो कृष्णधवल. पुढचे सगळे रंगीत. पाचवा सीझन सीबीएसवर गेला आणि मे १९७०मध्ये १३८ भागांवर मालिका संपली.

पहिला भाग दिसला त्याला साठ वर्षं झाली. गंमत म्हणजे ही मालिका ज्या गोष्टीची टिंगल करत होती, ती तेव्हाची हेरपटांची लाट कधीच ओसरली. विडंबनाची खरी अडचण इथेच असते. मूळ वस्तू लोकांच्या लक्षात असेपर्यंत विडंबनात मजा असते. मूळ विसरलं की विडंबनही वाळून जातं. बाँडची नक्कल करणारे कितीतरी सिनेमे त्या दशकात आले आणि गेले, त्यांची नावंही आज कुणाला आठवत नाहीत. अपवाद अर्थात असतात. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ वाचून खदखदणाऱ्या किती जणांनी ती ज्या कवींवर बेतली आहेत त्यांच्या मूळ कविता वाचलेल्या असतात? ‘गेट स्मार्ट’ही त्याच जातीची. ती का टिकली, हे समजून घ्यायला तिचं यंत्र थोडं उघडून बघावं लागेल.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते. थेट लढाई केली तर दोघंही संपणार, म्हणून लढाई आडून चालली: हेर, फितुरी, चोरून ऐकणं, तिसऱ्याच देशातली सरकारं उलथवणं. यालाच शीतयुद्ध म्हणतात. ऑक्टोबर १९६२मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग तेरा दिवस श्वास रोखून होतं. नेमक्या त्याच महिन्यात जेम्स बाँडचा पहिला चित्रपट लंडनमध्ये झळकला. भीती खरी होती, आणि त्या भीतीवर उतारा म्हणून सूट घातलेला, कधीही न चुकणारा हेर लोकांना हवा होता. पाहता पाहता टीव्हीवरही हेरच हेर झाले.

डॅनियल मेलनिक नावाच्या निर्मात्याच्या मनात आलं, की सध्या दोन गोष्टी जोरात चालल्या आहेत, जेम्स बाँड आणि धांदरट फ्रेंच पोलीस इन्स्पेक्टर क्लूजो. या दोघांची मोट बांधली तर? त्याने हे काम मेल ब्रुक्स आणि बक हेन्री या दोन विनोदी लेखकांना दिलं. ब्रुक्स न्यूयॉर्कच्या टीव्हीवर प्रहसनं लिहून तयार झालेला गडी, कुठल्याही गोष्टीचं पावित्र्य न मानणारा. हेन्रीचा विनोद कोरडा, चष्म्याआडून हळूच चिमटा काढणारा. एक धुडगूस घालणारा आणि एक तिरकस. मालिकेत या दोन्ही चवी शेवटपर्यंत वेगवेगळ्या लागतात.

संहिता आधी एबीसी वाहिनीकडे गेली. वाहिनीला ती ‘अमेरिकाविरोधी’ वाटली. सरकारी हेर मूर्ख कसा असेल? ब्रुक्स सांगत असे, की वाहिनीवाल्यांना नायकाला घरी वाट बघणारी आई हवी होती आणि मालिकेत जीव लावणारा कुत्राही हवा होता. लेखकांनी कुत्रा दिला. फक्त तो धापा टाकणारा, भित्रा आणि सांगितलेलं एकही काम न करणारा निघाला. फँग त्याचं नाव, आणि तोही खात्याच्या सेवेत! एबीसीने नकार दिला, एनबीसीने मालिका उचलली. एनबीसीकडे डॉन अ‍ॅडम्स नावाचा विनोदी नट आधीच कराराने बांधलेला होता. त्याला घ्या, असं ठरलं. हा योग जुळला नसता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

डॉन अ‍ॅडम्स दुसऱ्या महायुद्धात मरीन सैनिक होता. पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावरच्या लढाईत होता, तिथल्या तापाने मरता मरता वाचला आणि नंतर रंगरुटांना कवायत शिकवायच्या कामावर लागला. मॅक्सच्या उभं राहण्यात ती कवायत दिसते. पाठ ताठ, हनुवटी वर, शब्द खाडखाड. आवाज मात्र त्याने विल्यम पॉवेल या जुन्या रुबाबदार नटाच्या धाटणीवर बेतला आणि तो इतका ताणला की रुबाबाचं नाकात बोलणं झालं. या कामासाठी त्याला सलग तीन वर्षं, १९६७, ६८ आणि ६९ला, एमी पुरस्कार मिळाला. शिवाय पगार कमी घेऊन मालिकेत हिस्सा मागण्याचं शहाणपण त्याने दाखवलं होतं, त्यामुळे पुनःप्रक्षेपणांचे पैसे तो नंतर कितीतरी वर्षं घेत राहिला. पडद्यावर दीडशहाणा, व्यवहारात पुरता शहाणा.

आता मॅक्सचा स्वभाव. पडद्यावरचे वेंधळे आपण खूप पाहिलेले असतात. वेंधळा माणूस पडतो, लाजतो, सारवासारव करतो आणि आपल्याला त्याची दया येते. मॅक्स दयेला जागाच ठेवत नाही. त्याला आपण वेंधळे आहोत हे ठाऊकच नाही. ‘पडलो तरी नाक वर’ ही म्हण मराठीत आहे, आणि ती या माणसाला मापाने शिवल्यासारखी बसते. भिंतीवर आपटला तर भिंत चुकीच्या जागी होती. गोळी चुकली तर अंगठा आणि तर्जनी यांत तिळाएवढं अंतर दाखवून म्हणणार, ‘एवढ्याशाने हुकलं!’ प्रत्यक्षात लक्ष्य पार दुसऱ्या टोकाला असतं. आपल्या आसपास, सोसायटीच्या कमिटीत, लग्नाच्या मांडवात, गाडी रिव्हर्स घेताना मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करणाऱ्यांत असा एक माणूस असतोच. बाँडसारखा माणूस आपल्याला आयुष्यात भेटत नाही. हा रोज भेटतो.

त्याच्या बोलण्याची घडण फार नेमकी आहे. पहिल्याच भागात तो खलनायकाच्या बोटीवर अडकलाय. सुटका नाही. मग तो छाती पुढे काढून सांगतो, की या क्षणी तटरक्षक दलाच्या सात बोटी आपल्या दिशेने येतायत.

‘खरं वाटतं?’

‘अवघड आहे.’

‘मग सहा?’

‘नाही वाटत.’

‘बरं, वल्ह्याच्या होडीत दोन हवालदार?’

मंडईत आपण भाव पाडतो, भाजीवाली नाही म्हणते, आपण पुन्हा आकडा बदलतो. इथे माणूस स्वतःच स्वतःच्या थापेचा भाव पाडतोय. पहिली थाप भव्य, दुसरी जेमतेम खाली आणि तिसरी थेट गाळात. मधली पायरी महत्त्वाची. सातवरून एकदम होडीवर आला असता तर फक्त आचरटपणा झाला असता. सहा म्हणताना तो अजून घासाघीस करतोय, म्हणजे आपल्याला अब्रू आहे असं त्याला अजून वाटतंय. हसू त्या सहावर जमा होतं आणि होडीवर फुटतं. ‘खरं वाटेल का’ ही अ‍ॅडम्सची या मालिकेआधीपासूनची लकब होती, आणि मालिकेनंतर ती अर्ध्या अमेरिकेच्या तोंडी बसली.

अशी पालुपदं मालिकेत बरीच आहेत. एक साचा असा: समजा दोघं एका खोलीत अडकलेत. मॅक्स म्हणणार, ‘आता असं सांगू नकोस की दाराला बाहेरून कडी आहे.’ सहकारी म्हणणार, ‘मॅक्स, दाराला बाहेरून कडी आहे.’ तो चिडून, ‘सांगू नकोस म्हटलं होतं ना!’ प्रत्येक भागात हे होणार हे प्रेक्षकाला माहीत असतं. मग कंटाळा का येत नाही? शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत बसणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. सम कुठे येणार हे श्रोत्यांना माहीत असतं, तरी गवई कुठून वळसा घेऊन तिच्यावर येतो याच्यासाठीच मान डोलते. इथेही कडी कधी लागणार एवढंच बघायचं असतं. लेखक कधी दोन मिनिटं आधीच समेवर येतात, कधी इतका उशीर करतात की आपणच घरबसल्या ते वाक्य म्हणून टाकतो.

पण ही मालिका जगली ती तिच्यातल्या ऑफिसमुळे, असं माझं मत आहे. आता त्या ऑफिसात जाऊ.

मॅक्स ज्या खात्यात आहे त्याचं नाव ‘कंट्रोल’. शत्रूची टोळी ‘केऑस’, म्हणजे अंदाधुंदी. दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत, पण ती कशाचीही आद्याक्षरं नाहीत. त्या काळच्या हेरकथांमध्ये प्रत्येक संघटनेचं नाव लांबलचक आद्याक्षरांचं असायचं, त्यावरची ही चापट. कंट्रोलमध्ये एक चीफ आहे. त्याचं टेबल, त्याचा राग, त्याची डोकेदुखी. आणि त्याच्या डोक्यावर छताला टांगलेलं ‘कोन ऑफ सायलेन्स’ नावाचं यंत्र आहे, म्हणजे मौनाचा घुमट म्हणू.

हे यंत्र नीट बघण्यासारखं आहे. गुप्त बोलायचं असेल तर बटण दाबायचं. छतातून पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन मोठे गोल खाली येतात, एक चीफच्या डोक्यावर, एक मॅक्सच्या, मधे जोडणारी नळी. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ही सोय. प्रत्यक्षात आतल्या दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही. ते ओरडतात. ‘काय?’ ‘काय म्हणालात?’ कधी कधी तर बाहेर उभ्या असलेल्यालाच सगळं स्वच्छ ऐकू जातं आणि तोच आतल्यांना निरोप पोचवतो. चीफला हे यंत्र निकामी आहे हे पक्कं ठाऊक आहे. मॅक्सलाही ठाऊक असायला हवं. पण नियमात लिहिलंय, की गुप्त बाब घुमटातच बोलायची. मॅक्स नियमावर अडून बसतो, चीफ सुस्कारा टाकून बटण दाबतो. मालिका पुढे गेली तसा घुमटाचा प्रवासी अवतार आला, छत्रीचा अवतारही आला. चालला एकही नाही.

२०२०च्या टाळेबंदीत आपण सगळे या घुमटात बसून आलो आहोत. ‘माझा आवाज येतोय का?’ ‘तुम्ही म्यूटवर आहात.’ ‘स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?’ मुद्दा शेजारच्या खोलीत बसलेल्या सासूबाईंना ऐकू जायचा, मीटिंगमधल्यांना नाही. यंत्र चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक, तरी वापरायचंच, कारण वरून परिपत्रक आलंय. हा अनुभव हेरगिरीचा नाही, तो नोकरीचा आहे. म्हणून मॉस्को कुठे आणि वॉशिंग्टन कुठे हे माहीत नसलेलं पोरही हा प्रसंग बघून लोळतं.

खऱ्या अमेरिकन सरकारनेही पुढे घुमट बांधला. २०१७मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख स्कॉट प्रूइट यांनी आपल्या कार्यालयात आवाजबंद खोली करून घेतली. खर्च सुमारे ४३ हजार डॉलर. पुढच्या वर्षी सरकारी लेखापरीक्षकांनी ठपका ठेवला, की संसदेला न कळवता हा खर्च करणं कायद्याला धरून नव्हतं. बातम्यांमध्ये त्या खोलीला नाव काय मिळालं असेल? पन्नास वर्षांपूर्वीच्या मालिकेतलंच.

कंट्रोलमध्ये हेर क्रमांक १३ आहे. त्याची नेमणूक नेहमी अशक्य जागी: टपालपेटीत, कपडे धुण्याच्या यंत्रात, लॉकरमध्ये. मॅक्स पेटीचं झाकण उघडून माहिती विचारतो तेव्हा हा आधी आपलं गाऱ्हाणं मांडतो. पाय आखडले, कुणी विचारत नाही, चांगलं पोस्टिंग दुसऱ्यांनाच मिळतं. आडगावी बदली झालेल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला हा माणूस सख्खा भाऊ वाटेल. हायमी नावाचा एक यंत्रमानव आहे. तो शब्दाचा पक्का, म्हणजे अक्षरशः पक्का. ‘जरा हात दे’ म्हटलं तर हात उपसून देतो. (हा विनोद भाषांतर न करताही मराठीत चालतो.) आज संगणकाला एखादी सूचना देऊन, त्याने ती तंतोतंत आणि चुकीची पाळल्यावर कपाळाला हात लावणाऱ्यांना हायमीची ओळख करून द्यायला नको.

शत्रूकडेही तेच. केऑस ही दुष्टांची आंतरराष्ट्रीय संघटना, १९०४मध्ये बुखारेस्टला स्थापन झालेली, पण करसवलतीसाठी तिची नोंदणी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात आहे. डेलावेअर एवढंसं राज्य, मात्र तिथले कंपनी-कायदे सोयीचे, म्हणून बड्या बड्या अमेरिकन कंपन्यांची नोंदणी तिथेच असते. जग ताब्यात घ्यायला निघालेल्या टोळीलाही सीए लागतो. केऑसचा झिगफ्रीड हा जर्मन ढंगाचा अधिकारी हाताखालच्यांवर शिस्तीवरून डाफरत असतो. बर्नी कोपेलने तो असा वठवलाय, की तो आणि मॅक्स समोरासमोर आले की दोन शत्रूंपेक्षा एकाच धंद्यातले, वेगवेगळ्या ऑफिसातले दोन हेडक्लार्क भेटल्यासारखे वाटतात.

या सगळ्या गोंधळात कुणीतरी गंभीर असावं लागतं. चीफचं काम करणारा एडवर्ड प्लॅट हा गंभीर सिनेमांतला नट. त्याने इथेही विनोदी काम केलं नाही. तो खराखुरा अधिकारी असल्यासारखाच वावरला. म्हणून मॅक्स ‘माफ करा हं, चीफ’ म्हणतो तेव्हा चीफच्या चेहऱ्यावरची वेदना खरी वाटते आणि तिथेच हसू येतं. समोरचाही आचरटपणा करू लागला असता तर सगळंच पाण्यात गेलं असतं.

आणि ९९. हे तिचं नाव नाही, क्रमांक आहे, पण खरं नाव मालिकेत कधी कळतच नाही. चौथ्या सीझनमध्ये तिचं मॅक्सशी लग्न होतं, पाचव्यात जुळी होतात, तरी तो तिला ९९च म्हणतो. आपल्याकडे नाव घ्यायचा संकोच असला तरी निदान उखाण्यात घेत. मॅक्सने तेवढंही केलं नाही. बार्बरा फेल्डनने ही भूमिका केली. मालिकेआधी, १९५७मध्ये, टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत शेक्सपिअर या विषयावर ६४ हजार डॉलर जिंकलेली ही बाई. ९९ हुशार आहे, मॅक्सहून कितीतरी जास्त. उपाय तिला आधी सुचतो, ती तो हळूच मॅक्सच्या तोंडात घालते आणि तो ‘मी तेच म्हणणार होतो’ म्हणून मोकळा होतो. फेल्डन उंच होती, अ‍ॅडम्सहून उंच दिसू नये म्हणून तिला कॅमेऱ्यासमोर जरा वाकून, कलून उभं राहावं लागायचं. पडद्यावरची गोष्ट आणि पडद्यामागची गोष्ट एकच झाली! यावर काही जण म्हणतात की तिला दाबून ठेवलं. खरं आहे. पण त्या काळच्या टीव्हीवर नोकरी करणारी, अविवाहित, बंदूक चालवणारी आणि दर आठवड्याला नायकाला वाचवणारी बाई किती ठिकाणी होती, हेही बघावं लागतं.

खऱ्या हेरगिरीची गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण तिच्यामुळे या मालिकेकडे बघण्याची नजर पार बदलते. १९४५मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. राजदूताने ती आपल्या निवासात भिंतीवर टांगली. आत चोरून ऐकण्याचं यंत्र होतं. बॅटरी नाही, वायर नाही, बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की ते जागं व्हायचं. सात वर्षांनी, १९५२मध्ये, ते सापडलं. त्याचा निर्माता लेव्ह टेर्मेन, म्हणजे हात न लावता वाजणाऱ्या थेरेमिन या वाद्याचा जनक. १९६४मध्ये त्याच शहरातल्या अमेरिकन वकिलातीच्या भिंतींतून ४०हून अधिक मायक्रोफोन निघाले. मग राजदूतांनी बोलायचं कुठे? त्यासाठी वकिलातींमध्ये खोलीच्या आत पारदर्शक प्लॅस्टिकची दुसरी खोली उभारू लागले. म्हणजे घुमट खरा होता.

बुटाचंही तसंच. वॉशिंग्टनच्या हेरगिरी संग्रहालयात एक साधा पुरुषी बूट ठेवलाय, त्याच्या टाचेत ध्वनिप्रक्षेपक बसवलेला. हे काम रोमानियाच्या गुप्त पोलिसांचं. अमेरिकन गुप्तचर संस्थेने मांजरीच्या अंगात मायक्रोफोन बसवून तिला सोव्हिएत लोकांच्या आसपास सोडायचा बेत केला होता. २००१मध्ये खुल्या झालेल्या कागदांत १९६७चं एक टिपण आहे, त्याचा विषय ‘प्रशिक्षित मांजरींबाबत मत’. मांजर पाळणारा कुणीही हे मत फुकट देऊ शकला असता. १९७५मध्ये अमेरिकी सिनेटच्या चौकशी समितीने क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याला मारण्याच्या निदान आठ कटांची नोंद केली, त्यात विषारी सिगार होते, बुरशी लावलेला पाणबुड्याचा पोशाख होता, स्फोटकं भरलेला शिंपला बनवता येईल का याचाही विचार झाला होता. ही चौकशी झाली तेव्हा मालिका बंद होऊन पाच वर्षं झाली होती. ब्रुक्स आणि हेन्री कुठल्याशा खोलीत बसून जास्तीत जास्त आचरट काय सुचेल ते लिहीत होते, आणि तिकडे पगारी माणसं गंभीर चेहऱ्याने मांजरीवर टिपण लिहीत होती.

मालिकेला हे कळत होतं का? एका प्रसंगात ९९ म्हणते, की मॅक्स, आपण ज्या तऱ्हेने माणसं मारतो, नासधूस करतो, त्यावरून कधी कधी वाटतं आपणही त्यांच्याहून काही वेगळे नाही. मॅक्स तिला समजावतो: अगं ९९, जगात जे जे चांगलं आहे ते राखायचं तर मारणं, ठार करणं, नासधूस करणं आपल्याला भागच आहे. तो हे उपरोधाने म्हणत नाही, मनापासून म्हणतो, आणि मागे ध्वनिमुद्रित हशा पिकतो. त्या वर्षांत व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे लाखो सैनिक लढत होते. गंभीर कार्यक्रमात हे वाक्य कुणी उच्चारू दिलं नसतं. मूर्खाच्या तोंडी होतं म्हणून खपलं.

सगळंच आज गोड लागतं असंही नाही. तो ध्वनिमुद्रित हशा आता कानाला टोचतो. ‘क्लॉ’ नावाचा एक आशियाई खलनायक आहे, त्याचा सगळा विनोद त्याला ‘ल’ म्हणता येत नाही एवढ्यावर उभा. आपल्या उच्चारांवर परदेशात हसलेलं ज्यांनी सोसलंय त्यांना हे बघताना हसू येणार नाही, आणि येऊही नये. पाचव्या सीझनमध्ये तर संसार आणि जुळी यांच्या नादात मालिका थकलेली दिसते. लग्न झाल्यावर ९९च्या डोळ्यांतली ती चोरटी चमक गेली, असं मला वाटतं.

नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले. १९८०मध्ये चित्रपट, १९८९मध्ये टीव्हीपट, १९९५मध्ये नवी मालिका, ती सात भागांत आटोपली. २००८मध्ये स्टीव्ह कॅरेलला घेऊन मोठ्या खर्चाचा चित्रपट आला आणि चाललाही. पण त्यातला मॅक्स मुळात हुशार विश्लेषक आहे, त्याला बढती हवी आहे, आपल्यात काय कमी आहे ते त्याला कळतं. माणूस चांगला आहे, मला आवडला. फक्त तो मॅक्स नव्हे. कारण स्वतःची उणीव कळली की नाक वर राहत नाही.

जुन्या मालिकेची सुरुवात दर आठवड्याला जवळजवळ एकच असे. गाडीतून मॅक्स उतरतो (आधी ती लाल सनबीम टायगर होती, पुढे बदलली), पायऱ्या उतरून एका लांब बोळात शिरतो. एकामागून एक पोलादी दारं त्याच्यासाठी आपोआप उघडतात, मागे बंद होतात, तो एकदाही मागे बघत नाही. शेवटी टेलिफोनची खोपटी, एक नंबर फिरवतो आणि जमिनीतून खाली गडप होतो. शेवटच्या श्रेयनामावलीत तो त्याच वाटेने परत निघतो. दारं एकेक करून बंद होत जातात, आणि शेवटचं दार नेमकं त्याच्या नाकावर बंद होतं.